गुणाकार करण्याआधी थोडं थांबा!

टॉस, मटका, वावर आणि स्पर्धा परीक्षा. चारही ठिकाणी आपण शक्यतेचा हिशेब मांडतो. त्यात विचारायलाच हवा असा एक प्रश्न मात्र राहून जातो.

९ मार्च २०२५. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, समोर न्यूझीलंड. रोहित शर्मा टॉस हरला. नोव्हेंबर २०२३ मधल्या वर्ल्ड कप फायनलपासून मोजलं तर वनडेत भारताने लागोपाठ हरलेला हा पंधरावा टॉस. मॅच आपण जिंकलो, ट्रॉफीही आणली. पण टॉसवरची चर्चा काही थांबली नाही. कुठल्याही कट्ट्यावर दोन पक्ष पडलेले. एक म्हणतो, "आता तं पुढचा टॉस आपलाच हाय ना बे, किती हारन माणूस?" दुसरा म्हणतो, "काही नाही होत, आपलं नशीबच तसं हाय, पुढचाही जाईल."

तुम्ही कोणत्या पक्षात?

खरं सांगायचं तर दोघंही चूक. नाण्याला मागचे पंधरा टॉस माहीतच नसतात. ते दर वेळी नव्याने हवेत जातं आणि दर वेळी शक्यता निम्मी-निम्मीच राहते. आता कुणी म्हणेल, "पण सलग पंधरा हरण्याची शक्यता तर ३२,७६८ मध्ये एक आहे!" बरोबर आहे. ½ ला ½ ने पंधरा वेळा गुणा, हेच उत्तर येतं. पण हे उत्तर पहिला टॉस उडण्याआधीच्या प्रश्नाचं. चौदा टॉस हरून झाल्यावर उरतो तो फक्त एक टॉस आणि त्याची शक्यता ½. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण त्यांची सरमिसळ करतो आणि मग वाद घालत बसतो.

अकरावीच्या गणितात हा धडा सगळ्यांनी केलाय. इंडिपेन्डंट इव्हेंट्स आणि डिपेन्डंट इव्हेंट्स. मराठीत स्वतंत्र घटना आणि अवलंबी घटना. पेपरापुरतं सूत्र पाठ केलं, पिशवीतले लाल-निळे चेंडू काढले, दोन मार्क घेतले आणि विसरून गेलो. माझं म्हणणं असं की, अख्ख्या पुस्तकात घरी, वावरात आणि रूमवर सगळ्यात जास्त कामाला येणारा धडा कोणता असेल, तर तो हाच. आणि तो न कळल्याची किंमत आपण मार्कांत मोजत नाही, पैशात मोजतो.

प्रश्न एकच

आधी उजळणी करू, दोन मिनिटांत. बावन्न पत्त्यांचा कॅट आहे. एक पान काढलं, एक्का निघाला. शक्यता ५२ मध्ये ४. ते पान परत कॅटमध्ये घातलं, पिसलं आणि दुसरं काढलं. पुन्हा ५२ मध्ये ४. पहिल्या पानाने दुसऱ्याचं काही बिघडवलं नाही. या स्वतंत्र घटना. दोन्ही वेळा एक्का येण्याची शक्यता १६९ मध्ये एक.

आता पान परत घातलंच नाही तर? कॅटमध्ये उरली ५१ पानं आणि त्यात एक्के उरले ३. दुसऱ्या पानाची शक्यता बदलली. या अवलंबी घटना. दोन्ही एक्के येण्याची शक्यता आता २२१ मध्ये एक.

म्हणजे प्रश्न एकच विचारायचा: पहिली गोष्ट झाली हे कळल्यावर दुसरीची शक्यता बदलते का? नाही बदलत, तर सरळ गुणाकार करा. बदलते, तर गुणाकार करताना दुसरीची बदललेली शक्यता घ्या. सूत्र विसरलात तरी चालेल, हा प्रश्न विसरू नका.

आणि एक गफलत इथेच मिटवून टाकू, कारण परीक्षेत बरेच जण तिथे घसरतात. 'दोन गोष्टी एकत्र होऊच शकत नाहीत' म्हणजे त्या स्वतंत्र, असं अनेकांना वाटतं. उलट आहे. वावराच्या एका तुकड्यात यंदा एकच पीक घ्यायचं, पऱ्हाटी नाहीतर सोयाबीन. तिथे पऱ्हाटी लावली हे कळलं की सोयाबीनची शक्यता थेट शून्य होते. एकीने दुसरीचा पार निकालच लावला. याहून जास्त अवलंबून असणं ते काय?

नातं नाही तिथे नातं

आपल्या चुका दोन प्रकारच्या आहेत. पहिली चूक टॉसवाली. जिथे नातं नाही तिथे ते जोडायचं.

तिचा सगळ्यात मोठा धंदा म्हणजे वरली मटका. वऱ्हाडातल्या पेपरांत 'वरली मटका अड्ड्यावर धाड' ही बातमी तुम्ही कित्येकदा वाचली असेल. या मटक्याचं मूळ आपल्या कापसात आहे, हे मात्र फार जणांना माहीत नसतं. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्सचेंजमधले कापसाचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत यायचे, त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं, तेव्हा आकडा काढायचे दुसरे मार्ग निघाले. १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रीने आपला वेगळा. मडक्यातल्या चिठ्ठ्या गेल्या, पत्ते आले. तीन पानं काढायची, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेतला शेवटचा अंक घ्यायचा.

आता पानठेल्यावरचा हिशेब ऐका. "बारा दिवस झाले, सत्ता आला नाही. आज येतोच." हातात मागच्या महिन्याचा चार्ट, त्यावर पेनाने गोल केलेले. पण दहाही आकड्यांची शक्यता सारखी धरली, तर सत्ता रोज न येण्याची शक्यता दहात नऊ. बारा दिवस सलग न येण्याची शक्यता काढा. जवळपास २८ टक्के येते. म्हणजे बारा दिवस एखादा आकडा गायब राहणं ही अगदी रोजची बाब आहे, त्यात इशारा वगैरे काही नाही. तेराव्या दिवशी सत्ता येण्याची शक्यता तेवढीच, दहात एक. आणि बरोबर आकड्याला मिळतात साधारण नऊपट. शंभर दिवस दहा-दहा रुपये लावले तर गेले हजार, सरासरीने परत येणार नऊशे. चार्ट कितीही रंगवा, हे शंभर रुपये जाणारच.

"पण पत्ते तर अवलंबी असतात, तुम्हीच म्हणाला!" असं कुणी म्हणेल. मुद्दा चांगला आहे. एकाच सोडतीतली तीन पानं एकमेकांवर अवलंबून असतात, कारण पान परत जात नाही. पण कालची सोडत आणि आजची सोडत? मध्ये कॅट पुन्हा पिसलेला आहे. नातं तुटलं. आणि समजा अड्डेवाला आकडा पिसून काढतच नसेल, कोणत्या आकड्यावर कमी पैसा लागलाय ते बघून काढत असेल, तर नातं आहे, पण तुमच्या चार्टशी नाही, त्याच्या गल्ल्याशी आहे. मग तर तुमची गत आणखीच वाईट.

आता अड्डा मोबाइलमध्ये आला होता. पैशांवरच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. कायदा आला म्हणून सवय जाते असं नाही. 'पाच वेळा हरलो, आता डबल लावतो, सहावी आपलीच' हे वाक्य डोक्यात असेल, तर एक ॲप बंद झालं की माणूस दुसरं शोधतो. ते वाक्य डोक्यातून काढायला पोलीस येत नाहीत. ते काम गणिताचं आहे.

नातं आहे तिथे डोळेझाक

दुसरी चूक उलटी आहे आणि माझ्या मते आपल्या भागात ती जास्त महाग पडते. जिथे नातं आहे, तिथे ते न दिसणं.

सोप्यापासून सुरू करू. जिल्ह्यात चांदूर दोन. एक बाजार आणि एक रेल्वे. रेल्वेच्या चांदुरातून बडनेरा-अमरावतीकडे कॉलेजला जाणाऱ्यांना हे उदाहरण पटकन कळेल. समजा, सकाळची तुमची गाडी पाच दिवसांत एकदा लेट होते आणि तिच्या मागचीही पाच दिवसांत एकदा. परीक्षेच्या दिवशी तुम्ही हिशेब करता: दोन्ही लेट होण्याची शक्यता १/५ गुणिले १/५, म्हणजे २५ मध्ये एक. "एवढी रिस्क चालते." पण दोन्ही गाड्या एकाच मुंबई-हावडा मार्गावरून येतात. धामणगावच्या बाजूला मालगाडी अडकली, तर तिच्यामागे सगळ्याच उभ्या. पहिली लेट आहे हे कळल्याबरोबर दुसरी लेट असण्याची शक्यता पाचात एक राहत नाही. ती कितीतरी वाढते. तुमचा दुसरा पर्याय पहिल्याच रुळावर उभा होता. खरा दुसरा पर्याय म्हणजे एसटी, कारण ती रुळावर चालत नाही.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. पहिल्या गाडीने दुसरीला लेट केलं असं नेहमीच नसतं. बहुतेक वेळा दोघींच्या मागे तिसरंच कारण असतं. घटना अवलंबी असायला एकीने दुसरीला घडवलंच पाहिजे असं नाही. दोघींची दोरी एकाच हातात असली तरी पुरे.

आता वावरात चला. तिथे ती दोरी पावसाच्या हातात आहे.

आपला कास्तकार म्हणतो, "अर्ध्यात पऱ्हाटी, अर्ध्यात सोयाबीन. एक गेलं तं एक हाये." ऐकायला शहाणपणाचं आहे आणि काही अंशी खरंही आहे. हिशेब मांडून बघू. समजा, एका घरी दहा वर्षांत तीनदा पऱ्हाटी गेली आणि तीनदा सोयाबीन. दोन्ही स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वर्षी जाण्याची शक्यता ३/१० गुणिले ३/१०, म्हणजे शंभरात नऊ. अकरा वर्षांतून एखादा मार. सोसता येईल. पण त्याच तीन वर्षांपैकी दोन वर्षं सारखी निघाली तर? तर दोन्ही जाण्याची वर्षं दहात दोन. पाच वर्षांतून एक मार. पऱ्हाटी गेली हे कळल्यावर सोयाबीन गेलेलं असण्याची शक्यता दहात तीन नाही, तीनात दोन. हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पण फरक केवढा होतो ते बघा. घर चालवायचं, बहिणीचं लग्न धरायचं, तुमच्या कॉलेजची फी भरायची, ती या दुसऱ्या आकड्यावर.

आणि नातं कुठून येतं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्टमध्ये पावसाने मोठा खंड दिला की दोन्ही पिकं माना टाकतात. सोयाबीन काढणीला आलं आणि झड लागली की शेंगा तिथेच खराब होतात आणि पऱ्हाटीची बोंडंही सडतात. पण सगळीच संकटं अशी नसतात. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळी आली, तिने पऱ्हाटी खाल्ली. सोयाबीनशी तिचं देणंघेणं नव्हतं. पिवळा मोझॅक सोयाबीनवर येतो, पऱ्हाटीकडे ढुंकून बघत नाही. म्हणजे किडी-रोगांपुरता 'एक गेलं तं एक हाये' हा हिशेब बऱ्यापैकी टिकतो, पावसापुढे टिकत नाही. जुन्या लोकांनी पिकात तुरीचं तास सोडायची रीत ठेवली, तीत हेच गणित होतं. तुरीची मुळं खोल जातात आणि ती उशिरा येते. तिची दोरी त्याच पावसाच्या हातात असली तरी थोडी सैल आहे.

आता आणखी एक पाऊल पुढे. "लय झालं तं मामा देईल पैसे." मामाचं वावर कुठे? शेजारच्याच तालुक्यात. तुमचं वर्ष गेलं, तेव्हा मामाचंही गेलेलं. गावातल्या किराणावाल्याकडे उधारी? कापूस-सोयाबीनचा पैसा बाजारात आला नाही, तर त्याचीही दिवाळी कोरडीच. ज्या दिवशी मदतीची गरज पडते, त्याच दिवशी मदत करणाऱ्याचे हातही रिकामे असतात. मनाने माणसं चांगलीच असतात, पण सगळी एकाच आभाळाखाली असतात. म्हणून घरात एखादं तरी उत्पन्न असं असावं, जे झडीवर आणि खंडावर अवलंबून नाही. ताईची पुण्यातली नोकरी, आईचं शिवणकाम, तुमचं पार्ट-टाइम काम. रक्कम छोटी असेल, तिची किंमत छोटी नसते.

न्यायालयातली चूक

ही डोळेझाक फक्त आपल्याकडेच होते असं समजू नका. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाची एक वकील बाई होती. १९९६ मध्ये तिचं एक तान्हं बाळ अचानक गेलं, १९९८ मध्ये दुसरं. तिच्यावर खुनाचा खटला चालला. रॉय मेडो या नावाजलेल्या बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली: अशा घरात बाळ अचानक दगावण्याची शक्यता साधारण ८,५०० मध्ये एक, म्हणून दोन बाळं दगावण्याची शक्यता ८,५०० गुणिले ८,५००, सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली.

कुठे चुकलं, ते तुम्ही आता सांगू शकता. तीच आई, तोच बाप, तेच घर. आनुवंशिक किंवा घरातलं काही कारण असेल, तर एका बाळानंतर दुसऱ्याचा धोका वाढतो. गुणाकार करायचा परवानाच नव्हता. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर पत्रक काढून हेच सांगितलं. दडून राहिलेले वैद्यकीय अहवालही पुढे आले आणि २००३ मध्ये अपिलात ती सुटली. तोवर तीन वर्षांहून जास्त काळ ती तुरुंगात होती. २००७ मध्ये ती वारली. मोठ्या पदव्या असलेली माणसं कोर्टात होती, पण 'या दोन घटना स्वतंत्र आहेत का?' हा अकरावीतला प्रश्न वेळेवर कुणी पुरेसा लावून धरला नाही.

दहा फॉर्म, एक उमेदवार

आता तुमच्या रूमवर येऊ. तलाठी, पोलीस भरती, रेल्वे, बँक, एमपीएससी. "दहा ठिकाणी फॉर्म भरलेत, कुठे ना कुठे लागेलच." समजा, प्रत्येक परीक्षेत शंभरातून दहा मुलं निघतात. म्हणजे तुमची शक्यता दर वेळी १० टक्के धरली आणि दहा परीक्षा स्वतंत्र मानल्या, तर किमान एकीत निघण्याची शक्यता ६५ टक्के येते. छान वाटतं.

पण त्या दहा परीक्षांना बसणारे तुम्ही एकच आहात. तेच कच्चं गणित, तेच इंग्रजी, तोच वेळेचा घोळ. टोकाचं उदाहरण घ्या: शंभरातली तीच दहा मुलं दहाही परीक्षांत वर येतात आणि तीच नव्वद दहाही वेळा खाली राहतात. प्रत्येक परीक्षेचा निकाल दहा टक्केच, पण 'किमान एकदा निघण्याची' शक्यताही मग ६५ नाही, दहाच. खरी परिस्थिती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. नेमकी कुठे, ते फॉर्मच्या संख्येवर ठरत नाही. मागच्या पेपरात जे चुकलं त्याचं तुम्ही पुढे काय केलं, यावर ठरतं.

म्हणून मला अवलंबी घटना हा शब्द वाईट वाटत नाही. टॉस हरल्यावर रोहित शर्माला पुढच्या टॉसचा सराव करता येत नाही, कारण तिथे मागच्यातून पुढे काहीच जात नाही. परीक्षेत जातं. नापास झालेला पेपर उघडून बसलात, चुकलेल्या प्रश्नांची यादी केली आणि तो कच्चा धडा पक्का केला, तर पुढची शक्यता बदलते. न उघडता अकरावा फॉर्म भरलात, तरी बदलते. पैसे आणि वय गेलेलं असतं. आणि दुसरा पर्याय ठेवायचाच असेल, तर त्याच पठडीतली अकरावी परीक्षा नको. एखादं हातचं कौशल्य, वेगळ्या वाटेचा कोर्स, काहीही, पण रूळ वेगळा हवा.

या रविवारी घरी असाल तर एक करा. वही घ्या, बाबांजवळ बसा. मागची दहा वर्षं एकाखाली एक लिहा. समोर रकाने पाडा: पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, घरातलं इतर उत्पन्न. ज्या वर्षी जे गेलं, तिथे फुली मारा. बाबांना तारखा आठवणार नाहीत, पण "ज्या वर्षी विहीर आटली", "ज्या वर्षी ताईचं लग्न झालं" अशी वर्षं बरोबर आठवतील. मग बघा, फुल्या कुठे एकाच ओळीत येतात. ज्या रकान्यात फुली नाही, तो रकाना पुढच्या वर्षी थोडा मोठा कसा करता येईल, यावर घरात बोला. अर्ध्या तासाचं काम आहे, कॅल्क्युलेटरही लागत नाही.